अंधारातली धावती गाडी: कॅमेरा तिला पाहायला कसा शिकला

#थ्रेड #इतिहास #छायाचित्रण

१/
१८३८ साल. पॅरिसमधील बुलेव्हार द्यू तांप्ल हा नाटकगृहांचा, उपाहारगृहांचा आणि घोडागाड्यांच्या अखंड वर्दळीचा रस्ता. लुई दागेर यांनी उंचावरच्या एका खिडकीतून या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्यात घरांच्या खिडक्या दिसतात, धुराडी दिसतात, झाडांच्या रांगा दिसतात. गाडी मात्र एकही दिसत नाही. भर दिवसाचा गजबजलेला रस्ता ओस पडल्यासारखा भासतो. कोपऱ्यात फक्त एक मनुष्य उभा आहे, पाय किंचित उचलून. तो बुटाला पॉलिश करून घेत होता.

२/
गाड्या कोठे गेल्या? दागेर यांच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. तेवढा वेळ जो स्थिर राहिला तो उमटला, जो हलला तो पुसला गेला. १८३९ मध्ये तारयंत्राचे संशोधक सॅम्युएल मोर्स यांनी पॅरिसमध्ये दागेर यांची चित्रे पाहिली आणि मायदेशी पाठविलेल्या पत्रात नेमकी हीच गोष्ट नोंदविली. वर्दळीचा रस्ता निर्मनुष्य झाला होता, उरला होता तो बूट पुसून घेणारा एकटा इसम. मनुष्य दिसणाऱ्या ज्ञात छायाचित्रांपैकी हे सर्वांत जुने समजले जाते.

३/
छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच असा एक नियम ठरून गेला: कॅमेऱ्याला थांबलेले दिसते, धावणारे दिसत नाही. त्यात रात्रीची भर पडली की अडचण दुप्पट होते. अंधारात चित्र घ्यायचे तर शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. धावती गाडी टिपायची तर तेच शटर क्षणार्धात मिटावे लागते. दोन्ही मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. ही कोंडी फोडायला सुमारे शंभर वर्षे लागली. ती फोडण्यात कलावंत होते, अभियंते होते, लष्कर होते आणि शेवटी पोलीसही होते.

४/
कोंडी किती घट्ट होती, ते साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतके उघडे राहिले, तरी तेवढ्यात गाडी २८ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे चित्रात ती पुसट होते. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते, म्हणजे चित्र रेखीव येते. पण रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात इतक्या अल्प वेळात त्या काळच्या काचेवर काहीच उमटत नसे. दहा सेकंद शटर उघडे ठेवावे तर गाडी १६७ मीटर पुढे निघून गेलेली असे.

५/
पहिल्या पिढीने या कोंडीशी झुंज घेतलीच नाही. १८९५-९६ च्या सुमारास लंडनमध्ये पॉल मार्टिन यांनी गॅसच्या दिव्यांत न्हालेल्या रस्त्यांची चित्रे घेतली. त्या चित्रमालेला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले. पुढे न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ ओल्या रस्त्यांवरचा रात्रीचा उजेड टिपू लागले. या मंडळींची एक युक्ती नमूद करण्याजोगी आहे. कंदील लावलेली घोडागाडी समोरून आली की भिंगावर टोपी किंवा हात धरायचा, गाडी निघून गेली की पुन्हा उघडायचे. कारण तो कंदील चित्रावर एक पांढरा ओरखडा ओढून जाई.

६/
म्हणजे रात्रीची धावती गाडी हा आरंभी छायाचित्राचा विषय नव्हता, तो चित्रातला दोष होता. तिला चित्राबाहेर ठेवण्यातच कौशल्य मानले जाई. विसाव्या शतकात घोडागाडीची जागा मोटारीने घेतली, कंदिलाची जागा विजेच्या प्रखर दिव्यांनी घेतली आणि शहरांची रात्रच बदलली. मग हळूहळू त्याच ओरखड्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. जे पुसून टाकायचे तेच मुद्दाम जमवावे, असे छायाचित्रकारांना वाटू लागले.

७/
पॅरिसच्या रात्रींचा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रकार म्हणजे हंगेरीत जन्मलेला ब्रासाय. त्याचे रात्रीच्या पॅरिसवरील पुस्तक १९३२ च्या अखेरीस बाहेर आले. शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे तो सिगारेटीवर मोजत असे: उजेड बरा असेल तर गोलवाझ, अंधार दाट असेल तर अधिक वेळ जळणारी बोयार. एक सिगारेट संपेपर्यंत त्या रस्त्यावरून किती मोटारी गेल्या असतील! त्या सगळ्या ब्रासायच्या कॅमेऱ्यासमोरून गेल्या, पण गाडी म्हणून एकही उमटू शकत नव्हती. उमटलाच तर तिचा उजेड.

८/
असे का होते? शटर उघडे असताना फिल्मवरचा प्रत्येक बिंदू समोरचा उजेड साठवीत असतो. गाडीचा पत्रा अंधारात मंद उजळलेला असतो आणि एका बिंदूसमोर तो क्षणभरच थांबतो. तेवढ्या उजेडाने बिंदूवर खूण राहत नाही. हेडलाइट मात्र इतका प्रखर असतो की तो क्षणही पुरतो. म्हणून दिवा उमटतो, गाडी नाहीशी होते. येणाऱ्या गाड्यांची पांढरी रेघ, जाणाऱ्यांची तांबडी रेघ. मलबार हिलवरून घेतलेल्या मरीन ड्राइव्हच्या असंख्य चित्रांत ‘राणीच्या हारा’शेजारी ज्या रेघा वाहताना दिसतात, त्यांचे मूळ हेच.

९/
ही पहिली वाट: थांबून राहण्याची. ती सुंदर होती, पण तिच्यात एक उणीव होती. रेघेवरून रस्ता कळतो, वर्दळ कळते, वळण कळते. गाडी कोणती, तिच्यात कोण होते, ती किती वेगात होती, हे काहीच कळत नाही. शंभर गाड्या गेल्या काय आणि पाच गेल्या काय, रेघ तीच. पॅरिसच्या त्या पहिल्या चित्रात जी अनामता घोडागाड्यांना लाभली होती, तीच मोटारींनाही लाभली. रात्र ही वेगाला लपण्याची जागा राहिली.

१०/
दुसरी वाट प्रहाराची. अंधारात उजेड नसेल तर तो आपणच आणायचा. १८६० च्या दशकात मॅग्नेशियमची तार जाळून खाणींमध्ये चित्रे घेतली गेली. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहान्नेस गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांची भुकटी तयार केली. ठिणगी पडताच तिचा भडका उडे आणि खोली उजळून निघे. न्यूयॉर्कमधील गरिबांच्या वस्त्यांचे अंधारे कोपरे जगापुढे आणणारे पत्रकार जेकब रीस हे या भुकटीचे आरंभीचे उपयोगकर्ते. तिच्यामुळे त्यांनी दोनदा घराला आणि एकदा स्वतःच्या कपड्यांना आग लावून घेतली.

११/
भुकटीने खोली उजळे, रस्ता नव्हे. धूर होई, आगीचे भय असे, आणि भडका क्षणाचा असला तरी धावत्या मोटारीच्या मानाने तो क्षणही लांबच होता. १९२९ च्या सुमारास जर्मनीत फ्लॅशबल्ब बाजारात आला. काचेच्या गोळ्यात प्राणवायू आणि त्यात ॲल्युमिनियमची बारीक पन्नी. धूर नाही, आवाज नाही, बटण दाबताच प्रकाश. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो लगेच आपलासा केला. मात्र प्रत्येक चित्रासाठी एक नवा बल्ब लागे. शिवाय निसर्गनियम आड येई: अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा उजेड चौथाईवर येतो. दूरची गाडी दूरच राहिली.

१२/
तिसरी वाट पाठलागाची. तिचा सर्वांत गाजलेला नमुना दिवसाचा आहे. फ्रान्समधील झाक-आंरी लार्तीग या तरुणाने १९१२-१३ च्या सुमारास ग्राँ प्री शर्यतीतील मोटार टिपली. गाडीच्या दिशेने कॅमेरा फिरवीत त्याने शटर दाबले. शटरची फट काचेवरून सरकत होती, म्हणजे चित्राचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी उमटत होता. परिणामी चाके लांबट होऊन एका बाजूला झुकली आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक उलट दिशेला कलले. फसलेले म्हणून ते चित्र बाजूलाच राहिले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तीगची चित्रे मांडली, तेव्हा जगाला त्याची थोरवी कळली.

१३/
गाडीबरोबर कॅमेरा फिरविला की गाडी स्पष्ट राहते आणि मागचा देखावा वाहून जातो. १९२३ मध्ये सुरू झालेल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसारख्या ठिकाणी, जेथे गाड्या रात्रभर धावतात, तेथे छायाचित्रकारांनी या युक्तीला फ्लॅशची जोड दिली. पण त्यातून एक विनोदी अडचण उद्भवली. शटर उघडताच फ्लॅश उडाला तर गाडी आरंभीच्या जागी गोठते आणि तिच्या दिव्यांची रेघ तिच्यापुढे ओढली जाते. मग पुढे धावणारी गाडी चित्रात मागे जात असल्यासारखी भासते. उपाय साधा निघाला: फ्लॅश शटर मिटण्याच्या अगदी आधी उडवायचा. मग रेघ गाडीच्या मागे राहते, जेथे ती असावी असे डोळ्याला वाटते.

१४/
येथवरचा इतिहास हौसेचा आणि कलेचा. त्याला कलाटणी दिली लष्कराने. शत्रूच्या फौजा आणि रसद रात्रीच हलते, हे प्रत्येक सेनापतीला ठाऊक असते. दिवसा विमानातून रस्ता पाहावा तर तो रिकामा. २० नोव्हेंबर १९२५ च्या रात्री अमेरिकेच्या जॉर्ज गॉडर्ड यांनी रॉचेस्टर शहरावरून विमान नेले आणि खाली प्रकाशबॉम्ब टाकला. भुकटीचा प्रचंड स्फोट झाला, शहर लखलखले आणि त्याच क्षणी वरून छायाचित्र निघाले. रात्रीचे आकाशातून घेतलेले हे आरंभीचे चित्र म्हणून प्रसिद्ध आहे.

१५/
पण बॉम्ब एकदाच फुटतो, आणि विमानात त्यांचा साठा वागविणे धोक्याचे. म्हणून गॉडर्ड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरॉल्ड एजर्टन यांना गाठले. एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेचा फ्लॅश विकसित केला होता: विजेचा भार साठवायचा आणि वायू भरलेल्या नळीतून तो एका झटक्यात मोकळा करायचा. प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या, लाखाव्या भागापुरताच. आणि नळी पुन्हा पुन्हा वापरता येणारी. दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी ही एजर्टन यांची चित्रे लोकांना ठाऊक आहेत. त्यांनी विमानासाठी रचलेला अजस्र फ्लॅश मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

१६/
१९४४ मध्ये इंग्लंडमध्ये या यंत्राची चाचणी झाली, तेव्हा खाली स्टोनहेंजचे प्राचीन शिलावर्तुळ होते. अंधारातून उजळून निघालेले ते दगड आजही त्या चित्रात पाहता येतात. पुढे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरण्याआधीच्या रात्री तेथील रस्ते न्याहाळण्यासाठी हेच तंत्र वापरले गेले. थांबलेल्या दगडांपासून हलत्या फौजांपर्यंतचे अंतर काही महिन्यांत तोडले गेले. रात्रीच्या रस्त्यावर कोण चालले आहे, हा प्रश्न प्रथमच छायाचित्राला विचारला गेला होता. आणि तो विचारणारी सत्ता होती.

१७/
युद्धानंतर हेच सामर्थ्य एका हौशी माणसाने एकट्याने वापरले. ब्रुकलिनचे ओ. विन्स्टन लिंक शिक्षणाने स्थापत्य अभियंता, व्यवसायाने जाहिरातींचे छायाचित्रकार. जानेवारी १९५५ मध्ये कामानिमित्त ते व्हर्जिनियात गेले असता नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने त्यांनी पाहिली. अमेरिकेतील मोठ्या रेल्वेकंपन्यांमध्ये वाफेवर टिकून राहिलेली ती अखेरची. पुढील पाच वर्षे, कंपनी डिझेलकडे वळेपर्यंत, लिंक पुन्हा पुन्हा तेथे जात राहिले आणि त्यांनी सुमारे २४०० निगेटिव्ह जमविल्या. त्यांतील गाजलेली चित्रे रात्रीची आहेत.

१८/
रात्रच का? लिंक यांचा युक्तिवाद अभियंत्याचा होता. सूर्य हलविता येत नाही, रूळही हलविता येत नाहीत. मग उजेडच आपल्या ताब्यात का घेऊ नये? रात्री ज्यावर प्रकाश टाकावा तेवढेच दिसते, नको ते सारे अंधारात विरते. गाडी येण्याच्या कित्येक तास आधी ते आणि त्यांचा साहाय्यक रुळांच्या कडेने, झाडांमागे, घरांच्या आडोशाला फ्लॅशबल्ब बसवीत आणि लांबलचक तारांनी ते जोडीत. मग वाट पाहणे. आगगाडी एकदाच जाणार, बल्ब एकदाच जळणार. चुकले तर सगळी मांडामांड पुन्हा.

१९/
ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर या गावी लिंक यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र घेतले. खुल्या मैदानातले चित्रपटगृह, जेथे लोक आपापल्या मोटारीत बसून सिनेमा पाहतात. पुढच्या उघड्या मोटारीत एक जोडपे बसले आहे, ती मोटार लिंक यांचीच. पडद्यावर विमान झेपावते आहे आणि मागून धूर ओकीत वाफेचे इंजिन धावत जाते आहे. मोटार, विमान आणि आगगाडी, तीन युगांची वाहने एका चौकटीत. त्यांपैकी ज्याचे दिवस संपत आले होते, तेच तेवढे खरोखर धावत होते.

२०/
या चित्राला एक पुरवणी आहे. फ्लॅशच्या लखलखाटात पडद्यावरचे दृश्य पुसून गेले होते. लिंक यांनी ते दुसऱ्या निगेटिव्हवरून नंतर छापील चित्रात बसविले. त्याने चित्राचे मोल उणे झाले नाही, कारण ते एका मावळत्या जगाचे स्मारक म्हणून रचलेलेच होते. पण एक प्रश्न उभा राहतो. जोवर छायाचित्र भिंतीवर टांगायचे असते, तोवर अशी जोडणी चालते. उद्या तेच छायाचित्र न्यायालयात पुरावा म्हणून ठेवायचे झाले तर?

२१/
हा प्रश्न काल्पनिक नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९१० मध्येच बक्स्टन खटला आला होता. त्यात मोटारीचा वेग ठरविण्यासाठी छायाचित्र घेणारे यंत्र वापरले होते. ठरावीक अंतराने दोन चित्रे घ्यायची आणि दूर जाणाऱ्या गाडीची आकृती किती लहान झाली यावरून वेग काढायचा, हे त्यामागचे तत्त्व. न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. मोटार लहान असतानाच कॅमेरा तिचा साक्षीदार झाला होता. पण असे यंत्र दिवसाउजेडीच उपयोगी. रात्रीचा साक्षीदार यायला आणखी अर्धशतक जावे लागले.

२२/
तो आणला एका शर्यतपटूने. मॉरिस खात्सोनिडेस यांचा जन्म १९११ मध्ये तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमधील जावा बेटावरचा. १९५३ मध्ये त्यांनी फोर्ड झेफिर चालवून मोंते कार्लो रॅली जिंकली. वळणावर आपण नेमके किती वेगात जातो आणि आणखी किती जाऊ शकू, हे मोजण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केले होते. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या दोन रबरी नळ्या: चाक पहिलीवरून गेले की घड्याळ सुरू, दुसरीवरून गेले की बंद. वेग वाढविण्यासाठी जन्मलेले हे यंत्र वेग रोखणाऱ्यांना अधिक उपयोगी ठरले. १९५८ मध्ये त्यांनी यासाठी कंपनी काढली. पुढे यंत्राला कॅमेरा आणि फ्लॅश जोडला गेला, मग नळ्यांच्या जागी रडार आले.

२३/
या यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. रडारने मर्यादेबाहेरचा वेग हेरला की फ्लॅश उडतो आणि चित्र निघते. अर्ध्या सेकंदाने दुसरा फ्लॅश, दुसरे चित्र. रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. ताशी १०८ किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात १५ मीटर जाते. दोन चित्रांतील रेघा मोजल्या की रडार खरे बोलले की खोटे, हे कोणालाही पडताळता येते. लिंक यांच्या चित्राने उभा केलेला प्रश्न येथे सुटला: एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, दोन चित्रांना एकमेकांची साक्ष काढायची. ब्रिटनमध्ये १९९२ पासून असे कॅमेरे रस्त्यांवर उभे राहू लागले.

२४/
हा कॅमेरा गाडीला पाठमोरी टिपतो. कारण अंधारात समोरून फ्लॅश मारला तर चालकाचे डोळे दिपतील आणि अपघात टाळायला उभारलेले यंत्रच अपघात घडवील. पण यात कायद्याचाही हात आहे. नेदरलँड्समध्ये १९९० पासून अशा उल्लंघनाचा दंड गाडीच्या नोंदणीकृत मालकावर आकारला जातो, म्हणून नंबरप्लेट मिळाली की पुरते. जर्मनीत दंड चालकालाच होतो, म्हणून समोरून चेहरा टिपावा लागतो. आणि शेजारी कोण बसले होते हा सरकारचा प्रश्न नसल्याने सहप्रवाशाची आकृती झाकली जाते. कॅमेरा कोठून पाहणार हे भिंगाइतकेच कायदाही ठरवितो.

२५/
जेथे असा कायदा नव्हता, तेथे काय झाले? ३१ ऑगस्ट १९९७ च्या मध्यरात्रीनंतर पॅरिसमध्ये प्रिन्सेस डायना यांची मोटार छायाचित्रकारांच्या पाठलागात आल्मा पुलाजवळच्या बोगद्यात खांबावर आदळली. फ्रेंच तपासाने चालकाला दोषी धरले, आणि छायाचित्रकारांवरील मनुष्यवधाचा आरोप १९९९ मध्ये रद्द झाला. २००८ मध्ये लंडनमधील मृत्युचौकशीच्या ज्यूरीने मात्र चालक आणि मागून येणारी वाहने या दोघांच्याही बेदरकारपणावर ठपका ठेवला. ज्या शहरात दागेर यांच्या पत्र्यावर धावत्या गाड्या पुसल्या गेल्या होत्या, त्याच शहरात धावत्या गाडीतले माणूस कॅमेऱ्यापासून लपू शकले नाही.

२६/
यानंतरचा टप्पा शांत आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचा. माणसाच्या डोळ्याला सुमारे ७०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश दिसत नाही, डिजिटल कॅमेऱ्याच्या सिलिकॉनला तो दिसतो. म्हणून आता अनेक ठिकाणी अवरक्त दिवे वापरले जातात. लखलखाट नाही, चालकाला पत्ताही लागत नाही. नंबरप्लेटवरचा परावर्तक थर आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवितो. त्यामुळे काळोखात गाडी जवळजवळ अदृश्य राहते आणि आकडे तेवढे झळकतात. ते यंत्राने वाचण्याची पद्धत १९७६ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेत विकसित झाली.

२७/
भारतात या साऱ्याला कायद्याची चौकट मिळाली ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने. तिच्यातील कलम १३६अ रस्त्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीविषयी आहे. २०२१ मध्ये त्याखालील नियम आले: उपकरणाला प्रमाणपत्र हवे, कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर हवी, चित्रात तारीख, वेळ, ठिकाण आणि नंबरप्लेट स्पष्ट हवी, नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आता कॅमेऱ्यांची साखळी आहे. रात्री घाट उतरणाऱ्याच्या मोबाइलवर काही दिवसांनी चलन येते, सोबत आपल्याच गाडीचे छायाचित्र.

२८/
चलन जाते मालकाच्या नावावर. गाडी दुसरा कोणी चालवीत असेल तर ते सांगण्याची जबाबदारी मालकाची. १९८८ च्या मूळ कायद्यातील कलम १३३ मध्येच मालकाने चालकाची माहिती देण्याचे बंधन आहे. ट्रकमालक आणि पगारी चालक, टॅक्सीचा धनी आणि ती भाड्याने चालविणारा, यांच्यात अशा चित्रावरून होणारी वादावादी म्हणजे याच इतिहासाचे आजचे पान आहे. गाडी कोणाची, हे चित्र निःसंशय सांगते. घाई कोणाची होती, माल वेळेत पोहोचविण्याचा हुकूम कोणाचा होता, हे ते सांगू शकत नाही.

२९/
आता आरंभीच्या चित्राकडे वळावे. १८३८ च्या पत्र्यावर गाड्या पुसल्या गेल्या आणि माणूस उरला, कारण तो थांबला होता. आजच्या रात्रीच्या चित्रात गाडीचा क्रमांक लख्ख उरतो आणि माणूस अंधारात जातो. या दोन चित्रांमधल्या पावणेदोनशे वर्षांत कॅमेऱ्याने वेगावर आणि काळोखावर मात केली, अनेकांचे प्राण वाचविणारी शिस्तही आणली. भरधाव गाडीखाली सापडणाऱ्या पादचाऱ्याच्या बाजूने बोलणारा दुसरा साक्षीदार रात्री असतोच असे नाही. पण साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच खरे मानायचे आणि जे पाहिले नाही ते विचारायचेच नाही, असा न्याय कधी पुरा पडत नाही.

३०/
थोडक्यात:
▪️ थांबून टिपले, तेव्हा गाडीची रेघ मिळाली.
▪️ प्रकाशाचा प्रहार केला, तेव्हा आकार मिळाला.
▪️ पाठलाग केला, तेव्हा वेग दिसला.
▪️ दोन चित्रे एकमेकांशी ताडली, तेव्हा पुरावा मिळाला.
▪️ गाडीत कोण होते आणि का धावत होते, हे शोधण्याचे काम मात्र माणसांवरच राहिले.

पॅरिसच्या त्या रस्त्यावर बूट पुसून घेणाऱ्या इसमाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याच्या पायाशी बसून पॉलिश करणारा तर त्याहून पुसट आहे. त्याचे हात चालू होते. #समाप्त